वन्संनी बोलायला शिकवलेली यंत्रं

हुबळी-धारवाडात जेवढी म्हणून यंत्रं माणसाशी बोलतात, त्यांतल्या निम्म्यांना आमच्या वन्संनी बोलायला शिकवलंय, हे मी कुणाहीपुढे छातीठोकपणे सांगायला तयार आहे. उरलेली निम्मी उर्मट आहेत, आणि त्यांच्याशी वन्संचं हाडवैर आहे. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. वय बेचाळीस, अंगकाठी शिडशिडीत, केसांचा अंबाडा आणि अंबाड्यात पेन्सिल. ही पेन्सिल त्यांनी माझ्या लग्नातसुद्धा काढली नव्हती; करवली म्हणून जेवढ्या फोटोंत उभ्या आहेत तेवढ्या फोटोंत ती पण आहे. आमच्याकडे चार पिढ्यांचं भांड्यांचं दुकान, कोप्पीकर रोडच्या आतल्या गल्लीत. घरातलं एकेक माणूस गिऱ्हाइकाशी बोलण्यात पटाईत. वन्सं तेवढ्या यंत्रांशी बोलतात. पण मला विचाराल तर घराण्याचं नाव काढलं ते त्यांनीच, आणि हे मी दुकानात यांच्या तोंडावर म्हणते. हे हिशेबाच्या वहीत डोकं घालून 'हूं' म्हणतात.

मी लग्न होऊन विद्यानगरच्या घरात आले तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की नणंद कॉम्प्युटरमध्ये आहे. मी माहेरी तसंच सांगितलं. पुढे एकदा वन्संसमोर म्हटलं, तर त्या अशा बघायला लागल्या की मी त्यांना शिवीच दिली. "वैनी, कॉम्प्युटर नव्हे. यंत्राचं तोंड." मग मला नीट समजायला चार वर्षं लागली, ते तुम्हाला चार ओळींत सांगते. पाण्याचा फिल्टर घ्या, किराणा दुकानातला वजनकाटा घ्या, दवाखान्यातला सलाईनचा पंप घ्या. यांच्या पोटात नखाएवढी एक चिप असते आणि दर्शनी बाजूला छोटासा स्क्रीन. त्या स्क्रीनवर काय दिसावं, कुठं दाबलं की काय व्हावं, चुकलं तर कसं सांगावं, हे सगळं लिहून त्या चिपेत भरायचं, हे वन्संचं काम. आणि जागा किती, तर तुमच्या-आमच्या फोनमधला एक फोटोसुद्धा मावायचा नाही एवढी. त्यात सगळा संसार मांडायचा. कन्नड अक्षराचं जोडाक्षर खाली लोंबतं, मराठीची मात्रा वर चढते, आणि स्क्रीनवाल्यानं ओळीची उंची ठेवलेली असते इंग्रजीला मोजून. मग वन्सं आलेखाच्या कागदावर चौकोन भरत बसतात, एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यानं. पहिल्यांदा त्यांना असं बसलेलं बघून आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाटलं की पोरगी शेवटी भरतकामाला लागली. चार घरी सांगून आल्या बिचाऱ्या.

उर्मट यंत्र दिसलं की वन्संचा पाय पुढे सरकत नाही. कोप्पीकर रोडवरच्या एका इमारतीत दाताच्या डॉक्टरकडे आम्ही गेलो होतो. दाढ माझी दुखत होती. लिफ्टमध्ये दार उघडायचं आणि दार मिटायचं अशी दोन बटणं, दोन्हीवर दोन-दोन बाण, आणि दोन्ही चित्रं जुळ्या भावांसारखी. मी गाल धरून तिसऱ्या मजल्यावर उतरले. वन्सं उतरल्याच नाहीत. माझी दाढ काढून झाली, कापूस तोंडात धरून मी खाली आले, तरी या बाई लिफ्टमध्ये कोपऱ्यात उभ्या, हातात वही. कोण धावत येतं, आतलं माणूस कुठलं बटण दाबतं, दार उघडतं की धावत येणाऱ्याच्या नाकावर आपटतं, याच्या नोंदी चालल्या होत्या. विसांतली चौदा माणसं चुकली होती. वन्संनी तिथंच बसून इमारतीच्या सेक्रेटरीला पत्र लिहिलं: "आपल्या इमारतीतली माणसं वाईट नाहीत. ती एकमेकांसाठी दार उघडू बघतात. आपलं यंत्र ते मिटवतं." सेक्रेटरीचं उत्तर आलं नाही. वॉचमन मात्र त्यांना लिफ्टच्या इन्स्पेक्टर समजला, आणि आजसुद्धा आम्ही त्या रस्त्यानं गेलो की उठून उभा राहतो.

त्यांचे काही नियम आहेत, आणि ते यंत्रांपुरते राहिले असते तर आमची ना नव्हती. एक नियम असा, की बटण दाबलं की यंत्रानं त्याच क्षणी 'ओ' दिली पाहिजे. काम मागाहून होऊ दे, दोन मिनिटं लागू देत, पण ऐकलं एवढं तरी कळू दे. नाहीतर माणूस पुन्हा दाबतं, मग पुन्हा दाबतं, आणि शेवटी यंत्राला थोबाडतं. हा नियम त्यांनी घरात लागू केला. मी स्वयंपाकघरातून हाक मारली आणि यांनी पेपरमधून डोकं काढलं नाही, की वन्सं माजघरातून ओरडणार, "दादा, ओ दे! वैनी तिसऱ्यांदा दाबतायत!" आता हे हाक मारल्याबरोबर 'ओ' देतात. उठत नाहीत ते नाहीतच, पण ओ देतात. माझ्या संसारात एवढी सुधारणा दुसऱ्या कुणाला जमली नव्हती, आईची शपथ.

दुसरा नियम त्याहून कडक: शिकवायचं नाही. नवीन काही तयार झालं की ते आल्या-गेल्याच्या हातात द्यायचं आणि गप्प बसून त्याच्या बोटांकडे बघायचं. तो विचारेल, हे काय आहे, कसं चालवायचं. उत्तर द्यायचं नाही. आमच्याकडे दूधवाला, गॅसवाला, सत्यनारायणाचे गुरुजी, सगळ्यांनी परीक्षा दिलेल्या आहेत. गुरुजींनी तर एकदा पूजा थांबवून वॉशिंग मशीनचं पॅनल चालवलं आणि उत्तीर्ण झाले. आणि याच नियमापायी वन्संचं लग्न राहिलं, असं आत्याबाईंचं स्पष्ट मत आहे. बेळगावचं स्थळ आलं होतं. मुलगा दिसायला बरा, नोकरी चांगली, बोलायला नम्र. पोहे झाले, चहा झाला, आणि वन्संनी ट्रेमधून सुपारी आणावी तसा एक डबा आणून त्याच्यापुढे ठेवला. शेतातल्या पंपाचा कंट्रोलर होता तो. मुलगा गोंधळला, हसला, दाबायला लागला. स्क्रीन काहीतरी विचारायचा, हा दाबायचा 'होय'. पुन्हा विचारायचा, पुन्हा 'होय'. वन्सं वहीत लिहितायत. शेवटी त्या डब्यानं कागदोपत्री सगळं शेत बुडवलं. मी आत पाणी आणायला गेले, तर वन्सं मागोमाग आल्या. म्हणाल्या, "वैनी, माणूस सज्जन आहे. पण न वाचता होय म्हणतो. जन्मभर कुणी शेत सांभाळायचं?" मी म्हटलं, अहो, बायकोला न वाचता होय म्हणणारा नवरा मिळायला भाग्य लागतं. त्यांना ते पटलं नाही. मुलाच्या आईनं मात्र एकदाही न चुकता पंप चालू केला होता आणि बंदही केला होता. वन्संना ती सासू फार पसंत पडली होती. आम्ही नकार कळवला तेव्हा त्या बाईंसाठी त्यांना खरोखर वाईट वाटलं.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले ते सांगते. इथल्या औद्योगिक वसाहतीत एक कारखानदार आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वन्संच्या पाच माणसांच्या छोट्या ऑफिसला त्यांचं बरंच काम असतं. या अण्णांनी रोट्टीचं मशीन काढलं. आपण ज्वारीची भाकरी म्हणतो ती इथं रोट्टी. ती पातळ बडवून, कडक करून, थप्प्या लावून ठेवतात, महिना-महिना टिकते. या मशीनमध्ये इकडून पिठाचा उंडा टाकायचा, तो आत दाबला जातो, तापलेल्या तव्यावरून सरकतो आणि तिकडून भाजून बाहेर पडतो. अण्णांना त्याला रंगीत स्क्रीन हवा होता. चालू केल्यावर आधी गणपती, मग फेट्यातले अण्णा, मग टम्म फुगणारी रोट्टी. वन्संनी गणपतीला हात जोडले आणि बाकीच्याशी महिनाभर भांडत ते काम केलं. माझे हात तर त्यांनी भाड्यानंच घेतल्यासारखे वापरले. मी कणीक मळत असले की स्क्रीन घेऊन हजर: "वैनी, तसेच या. धुऊ नका." ओल्या हातानं, पिठाच्या हातानं, तेलाच्या हातानं मी तो स्क्रीन दाबला. प्रत्येक वेळी नीट चालला. वन्सं खूश, मी खूश.

पहिलं मशीन एका महिन्याच्या बोलीवर सप्तापूरच्या एका गल्लीत, शांतव्वाच्या रोट्टी-केंद्रात बसलं. युनिव्हर्सिटीजवळची ती वस्ती, खोल्या करून राहणारी मुलं, खानावळी, सगळ्यांना रोट्टी तिथून जाते. नऊ बायका. त्यांतली शांतव्वा सगळ्यांत मोठी, वय अठ्ठावन्न, अकराव्या वर्षापासून रोट्टी बडवणारी. तिचं उजवं मनगट गेलं होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं, बडवणं आता बंद, नाहीतर हा हात कायमचा जाईल. आणि तिनं बडवणं बंद केलं तर केंद्र बंद, कारण निम्मी रोट्टी तिच्या हातची आणि बाकीच्या आठजणी तिच्या भरवशावर. म्हणून मशीन. अडचण एकच, शांतव्वाला वाचता येत नव्हतं. अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की जमलं तर ठीक, नाहीतर शिकलेला ऑपरेटर ठेवा, तेही नसेल तर महिन्यानं मशीन मी उचलणार. ऑपरेटरचं नाव काढल्यावर शांतव्वा म्हणाली, "माझ्या तव्यावर दुसऱ्याचा हुकूम? त्यापेक्षा मी हात मोडून घेते." तिचं बोलणं सगळं कन्नड, मी मराठीत सांगतेय, पण तिखटपणा एका भाषेतून दुसरीत जाताना थोडा कमी होतो, तेवढा तुम्ही धरून चाला.

तिसऱ्या दिवशी फोन आला की मशीन चालत नाही. वन्संनी मला बरोबर घेतलं. जाऊन बघतो तो काय, स्क्रीनवर ज्वारीच्या ओल्या पिठाचे थपके चिकटलेले, आणि मशीन त्या थपक्यांनाच बोट समजून आपोआप चालू-बंद होत होतं. बायकांना जन्माची सवय, उंडा टाकला की हाताचं पीठ झटकायला जवळच्या सपाट जागेवर तळवा आपटायचा. जवळची सपाट जागा म्हणजे आमचा स्क्रीन. त्यातून तो काहीही करायच्या आधी विचारायचा, 'सुरू करू का?' आणि मग, 'नक्की?' शांतव्वाला वाचता येईना म्हणून महादेवी नावाची एक तरुण बाई मोठ्यानं वाचून दाखवत होती. शांतव्वा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सत्तेचाळीस वर्षं रोट्टी करतेय. मेलेल्या नवऱ्यानं कधी विचारलं नाही, नक्की का म्हणून. हा कोण टिकोजीराव लागून गेला?" सगळ्या हसल्या. वन्सं हसल्या नाहीत. परत येताना रिक्षात मी हळूच म्हटलं, "वन्सं, माझे हात कणकेचे होते. भाकरी आपल्याकडे आत्याबाई करतात." त्या म्हणाल्या, "चूक तुमची नाही, वैनी. मी घरातले हात बघितले. तिचे बघायला गेलेच नाही." एवढी वर्षं लोकांना 'बघा, बघा' म्हणून सांगणाऱ्या बाईकडून ही चूक व्हावी, याचा त्यांना इतका मनस्ताप झाला की त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून वन्सं रोज सकाळी धारवाडला. वही घेऊन कोपऱ्यात बसायच्या. चौथ्या दिवशी शांतव्वानं ती वही काढून बाजूला ठेवली आणि त्यांच्यापुढे पिठाची परात सरकवली. "बघून कळत नाही, अक्का. हात घाल." जन्मात ज्यांनी भाकरीला हात लावला नव्हता त्या वन्सं रोट्टी बडवायला लागल्या. घरी येऊनही सराव. त्यांच्या रोट्ट्या गोल सोडून बाकी सगळ्या आकारांच्या. आत्याबाई दारात उभ्या राहून बघत, आणि डोळ्यांना पदर लावून मला म्हणत, "अगं, वीस वर्षं कानी-कपाळी ओरडले, तेव्हा ही बया ढिम्म हलली नाही. आता बघ, लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघालीय!" पण नातेवाइकांना फोन करून सांगायच्या मात्र, की मुलगी हल्ली भाकरी करते हो. कशासाठी करते ते सांगत नसत.

पंधरा दिवसांत वन्संनी तो स्क्रीन पुसून नवा लिहिला. थपक्यांचा बंदोबस्त असा: बोट येतं आणि जातं, येऊन जे बसून राहतं ते पीठ, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. 'नक्की?' कायमचं गेलं. शब्दही गेले, चित्रं आली. घाबरलेलं माणूस बटण शोधत नाही, पंजा मारतं, हे त्यांनी तिथं बघितलं होतं. मशीनच्या बाजूला नियमाप्रमाणे लाल बटण होतंच, पण गडबडीत तिकडे कुणाचा हात जात नव्हता. म्हणून स्क्रीनवर कुठंही अख्खा पंजा पडला की मशीन थांबणार. मग पीठ झटकायचं कुठं? यावर वन्संनी आठ दिवस विचार केला, आणि सुताराला बोलावून स्क्रीनच्या शेजारी एक लाकडी फळी ठोकून घेतली. अण्णा म्हणाले, "मेडम, एवढं इंजिनिअरिंग शिकून तुम्ही फळी लावली?" वन्सं म्हणाल्या, "हो. या मशीनमधला सगळ्यांत चांगला भाग तोच आहे." आज त्या मशीनला बघायला येणारे लोक खरोखर त्या फळीचंच कौतुक करतात, स्क्रीनकडे कुणी बघत नाही. तवा किती तापला हे दाखवायलाही आकडा ठेवला नाही. बायका तवा ओळखतात पाण्याच्या शिंतोड्यानं: गार असेल तर थेंब बसून राहतो, बेताचा असेल तर चुरचुरतो, आणि तवा तयार झाला की थेंब नाचतो. स्क्रीनवर तेच, एक थेंब. तो नाचायला लागला की उंडा टाकायचा.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. अण्णा हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभे. बाहेर त्यांचा टेम्पो. तो मशीन उचलायलाच आणलेला. आठही बायका काम सोडून जमलेल्या. वन्सं नियमाप्रमाणे गप्प, काहीही सांगायचं नाही. शांतव्वा पुढे झाली, मनगटाला पट्टा बांधलेला. तिनं मशीन चालू केलं. स्क्रीनवर थेंब बसलेला. ती थांबली. थेंब चुरचुरला. थांबली. थेंब नाचायला लागला, आणि माझ्या तोंडून "आला गं बाई" निघालंच. वन्संनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. पण शांतव्वानं उंडा उचलला नाही. तिनं तांब्यात बोटं बुडवली आणि खऱ्या तव्यावर पाणी शिंपडलं. खरा थेंब नुसता चुरचुरला. नाचला नाही. शांतव्वा वळून स्क्रीनकडे बघून म्हणाली, "सुळ्ळ हेळतैति." खोटं बोलतंय.

बाहेर टेम्पोवाला तंबाखू मळायचा थांबला. अण्णांनी घडी सोडली आणि खिशातून टेम्पोची किल्ली काढली. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं की बाई, तुझंच पाणी चुकलं. वन्सं म्हणाल्या, "खरंय तिचं. मशीन खोटं बोलतंय." आणि जमिनीवर मांडी घालून लॅपटॉप उघडला. अण्णा म्हणाले, "मेडम, आता हे फॅक्टरीत नेऊन बघू या." वन्संनी वरसुद्धा बघितलं नाही. "अण्णा, तव्याची उष्णता मोजणारी तार तुम्ही बर्नरच्या कडेला लावलीय. कड तापते, मधला भाग मागे राहतो. फॅक्टरीत नेलं तर तिथला तवा वेगळा, गॅस वेगळा. मला हाच तवा पाहिजे. आणि हीच बाई पाहिजे. बसा तुम्ही, चहा घ्या." आमच्या अण्णांना आजवर इतक्या मऊ आवाजात कुणी इतकं दरडावलं नसावं. ते खरंच पोत्यावर बसले.

दोन तास वन्सं त्या पिठात बसून लिहीत होत्या. अंबाड्यातली पेन्सिल कधी काढली, कधी खोचली, त्यांना भान नव्हतं. मग उठल्या आणि बाजूला झाल्या. आता स्क्रीनवर नुसता एक थेंब आणि शेजारी एक हात, एवढंच. कुणी काही सांगितलं नाही. शांतव्वा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. थेंबाकडे बघितलं, हाताकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे बघितलं. आणि तांब्यात बोटं बुडवून तव्यावर पाणी शिंपडलं. चुरचुरलं. थांबली. पुन्हा शिंपडलं. तिसऱ्या वेळी थेंब मोत्यासारखा गोळा होऊन तव्यावर नाचत सुटला, आणि तिनं स्क्रीनवरच्या त्या हातावर बोट ठेवलं. मशीननं त्याच क्षणी ओळखल्याची खूण दिली. वन्संनी केलं होतं ते इतकंच: रोज सकाळी मशीन तिलाच विचारणार, तवा तयार झाला म्हणजे नेमका किती, आणि ती सांगेल ते दिवसभर पाळणार. शांतव्वानं उंडा टाकला. दुसऱ्या बाजूनं पहिली रोट्टी बाहेर आली. तिनं ती कानाशी धरून मोडली, आवाज ऐकला, एक तुकडा तोंडात टाकला. सगळ्या तिच्या जबड्याकडे बघत होत्या. "छलो," ती म्हणाली. चांगली झालीय. अण्णांनी किल्ली खिशात टाकली आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. त्यांचा फेट्यातला फोटो वन्संनी ठेवला, पण फक्त एक सेकंद. "त्याहून जास्त थांबायला या बायकांना वेळ नाही," असं त्यांना सांगितलं, आणि ते त्यांनी कौतुक समजून मान्य केलं.

मशीन राहिलं. शांतव्वानं बडवणं थांबवलं, मनगटाचा पट्टा उतरला. अण्णांनी पुढं तसली मशीनं गदगला पाठवली, विजापूरकडे पाठवली. त्यांच्या जाहिरातीच्या कागदावर गणपती आहे, अण्णा आहेत, फळीसुद्धा आहे. वन्संचं नाव कुठंही नाही. मी यावरून घरात आकांडतांडव केलं. वन्सं म्हणाल्या, "वैनी, सलाईनच्या पंपावर तरी माझं नाव कुठं आहे?" मी म्हटलं, तिथंही पाहिजे होतं.

परवा पाच-सहा महिन्यांनी धारवाडला काम होतं म्हणून आम्ही दोघी शांतव्वाकडे डोकावलो. मशीन चालू होतं. शांतव्वा उंडे टाकत होती, मध्येच फळीवर हात झटकत होती, महादेवीला काहीतरी सुनावत होती. स्क्रीनकडे बघत होती तेही घड्याळाकडे बघावं इतपतच. मला वाटलं, वन्संच्या देखत तिच्या तोंडून दोन शब्द निघावेत. म्हणून मुद्दाम विचारलं, "काय शांतव्वा, आता सगळी रोट्टी मशीनच करतं म्हणायचं!" तिनं हात थांबवला आणि मला खुळी आहे की काय अशा नजरेनं बघितलं. "मशीन? मशीन काय करतंय? रोट्टी मी करते. ते नुसतं दाबतं." आणि वन्संना म्हणाली, "बस अक्का, ताक घे. तुझं कसं चाललंय? काही काम लागलं का मग?"

परत येताना आम्ही रिक्षात बसलो. युनिव्हर्सिटीचा रस्ता संपला. तशा वन्सं माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "वैनी, ऐकलंत? मशीन काही करत नाही म्हणाली! तिला ते आता दिसतसुद्धा नाही!" त्यांचा चेहरा असा फुलला होता, मी तसा कधी बघितला नव्हता, आणि त्या तोंडावर हात दाबून पोरीसारख्या हसत होत्या. मला मात्र एकदम भरून आलं. महिनाभर पिठात बसली ही बाई, एका माणसाचा हात वाचवला, आणि त्याच माणसानं तिला विचारावं, काही काम लागलं का म्हणून! आणि हिला त्याचाच आनंद. मी पदर डोळ्यांना लावला. रिक्षावाला आरशातून बघत होता. एक बाई हसतेय, एक रडतेय. न राहवून त्यानं विचारलं, "याक री अक्कार, एनातु?" काय झालं म्हणून.

"काही नाही रे," वन्सं कन्नडात म्हणाल्या, "आमच्या वैनींची दाढ दुखतेय." आणि माझा हात हुबळी येईपर्यंत सोडला नाही.